रायफलीचा दूरदर्शक

शिकारीच्या अथवा लक्ष्यवेधाच्या रायफलीवर बसवून नेम धरण्यासाठी वापरण्यात येणारे भिंगयुक्त साधन. बोलीत यास ‘बंदुकीची दुर्बीण’ म्हणतात. लक्ष्याची वर्धित व सुलट प्रतिमा आणि नेमाची खूण ही दोन्ही या साधनात एकाच प्रतलात दिसतात. लक्ष्य मोठे दिसते म्हणून नेम अचूक लागतो, हा या साधनासंबंधीचा सर्वांत प्रचलित समज होय. तो अर्धाच खरा आहे. चांगला दूरदर्शक कोणता, या प्रश्नाचे उत्तर गेल्या सु. पावणेदोनशे वर्षांत अनेकदा बदलले आणि प्रत्येक वेळी ते वर्धनापेक्षा प्रकाश, स्थैर्य व भूप्रदेश यांवर अधिक अवलंबून राहिले. महाराष्ट्रात तर हा प्रश्न पूर्णपणे सुटण्यापूर्वीच शिकारीचा काळ संपला आणि तीच मोजमापे दुसऱ्या कामी आली.

साध्या रायफलीवर नळीच्या टोकाशी एक माशी व मागे दस्त्याच्या बाजूस एक खाच असते. नेम धरणाऱ्यास खाच, माशी व लक्ष्य ही तीन वेगवेगळ्या अंतरांवरील स्थाने एका रेषेत आणावी लागतात. मानवी डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो. माशी स्पष्ट दिसली, तर जनावर धूसर होते आणि जनावराकडे पाहावे, तर खाच विरघळते. तरुण डोळा ही धावपळ सहज करतो; चाळिशीनंतर डोळ्यातील भिंगाची लवचिकता घटते व खाच कायमची पुसट होते. अनुभवी शिकाऱ्याचा हात पक्का होतो, त्याच सुमारास डोळा साथ सोडू लागतो. दूरदर्शकाने ही अडचण मुळातच नाहीशी केली. त्याचा पहिला उपकार हाच. वर्धन हा दुसरा.

हे शक्य झाले ते योहानेस केप्लर यांच्या रचनेमुळे. १६०८ मध्ये नेदर्लंड्समध्ये दूरदर्शक पुढे आला आणि १६०९ पासून गॅलिलीओ यांनी तो आकाशाकडे वळविला. पण त्यांच्या दूरदर्शकात नेत्रिकेचे भिंग अंतर्वक्र असल्यामुळे नळीच्या आत प्रत्यक्ष प्रतिमा पडत नाही आणि म्हणून तेथे खूण ठेवता येत नाही. केप्लर यांनी १६११ मध्ये दोन बहिर्वक्र भिंगांची रचना सुचविली. तीत वस्तुभिंगाची प्रतिमा नळीच्या आत पडते व तेथे ठेवलेली कोणतीही बारीक वस्तू लक्ष्याइतकीच स्पष्ट दिसते. यॉर्कशरमधील विल्यम गॅस्कॉइन हा तरुण ज्योतिषी सु. १६४० मध्ये आकाश निरखीत असता त्याच्या दूरदर्शकात कोळ्याचा एक धागा नेमका त्या जागी ताणला गेला होता, असे सांगतात. त्यावरून त्याने छेदतंतू, म्हणजे मध्यभागी एकमेकांस काटणारे दोन सूक्ष्म धागे, वापरात आणले. १६४४ मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत तो मारला गेला. कोळ्याचा धागा मात्र त्यानंतर दोन-अडीचशे वर्षे दूरदर्शकांत टिकून राहिला.

छेदतंतूंचा दूरदर्शक महाराष्ट्रात आला तो बंदुकीवर बसून नव्हे, तर मोजणीदाराच्या थिओडोलाइटमध्ये. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रवर्तक विल्यम लँबटन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ काम सुरू केले आणि सुमारे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट घेऊन तो उत्तरेकडे सरकत राहिला. २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे तो मरण पावला; त्याची कबर तेथेच आहे. डोंगरमाथ्यावरील दिव्यावर किंवा निशाणावर छेदतंतू टेकवून कोन वाचणारा हा माणूस प्रकाशकीच्या दृष्टीने पुढच्या शतकातील शिकाऱ्याचेच काम करीत होता. फरक होता तो धक्क्याचा. थिओडोलाइट तिकाटण्यावर निश्चल असतो. बंदुकीच्या प्रत्येक बाराबरोबर भिंगे, धागे व मळसूत्रे यांना हिसका बसतो. शिवाय गुळगुळीत नळीच्या ठासणीच्या बंदुकीची गोळी शंभर पावलांवर कोठे जाईल याची खात्री नसे. अशा बंदुकीला सूक्ष्म नेमाचा उपयोग नव्हता. नळीत सर्पिल खाचा पाडून गोळीस फिरकी देणारी रायफल शिकाऱ्यांच्या नित्य वापरात आल्यानंतरच दूरदर्शक बंदुकीवर चढला.

जॉन रॅटक्लिफ चॅपमन याने १८४४ मध्ये अमेरिकन रायफलीवरील आपल्या पुस्तकात अशा साधनाचे वर्णन केले. न्यूयॉर्क राज्यातील यूटिका येथील बंदूक-कारागीर मॉर्गन जेम्स याने ते तयार केले होते. ही नळी जवळजवळ रायफलीइतकीच लांब व अतिशय अरुंद असे. दिसणारे क्षेत्र लहान व अंधुक. १८५५ पासून सिरॅक्यूजच्या विल्यम माल्कम याने अवर्णी भिंगे वापरून प्रतिमेच्या कडेची रंगीत झालर घालविली आणि बाजूच्या वाऱ्यासाठी खूण डावी-उजवीकडे सरकविण्याची सोय केली. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) दोन्ही पक्षांच्या नेमबाजांनी असे दूरदर्शक वापरले. दक्षिणेच्या नेमबाजांकडील इंग्लिश व्हिटवर्थ रायफलींपैकी काहींवर डाव्या बाजूस बसविलेला डेव्हिडसन पद्धतीचा दूरदर्शक होता. त्याचा कर्ता डेव्हिडसन हा मुंबई लष्करातील अधिकारी होता. निवृत्तीनंतर त्याने एडिंबरोच्या स्वयंसेवक रायफल पथकात काम केले व १८६२ मध्ये आपल्या साधनाचे एकस्व घेतले. मुंबई इलाख्याचा या इतिहासाशी आलेला हा पहिला ठळक संबंध होय. त्याचे फळ मात्र इलाख्याबाहेर, सातासमुद्रापलीकडच्या रणांगणावर दिसले.

शिकारीच्या दूरदर्शकाची खरी जन्मभूमी मध्य यूरोप. तेथील जंगलांत रानडुक्कर व हरिण पहाटे अथवा सांजवेळी उंच बैठकीवरून टिपण्याची रीत होती. म्हणजे अंतर बेताचे आणि उजेड अपुरा. ऑस्ट्रियातील श्ट्रोन्सडॉर्फचा ऑगस्ट फीडलर हा प्रिन्स रॉइस याच्या पदरी वनाधिकारी होता. त्याने १८८० मध्ये शिकारीस खरोखर उपयोगी असा दूरदर्शक बनविला. १८८६ मध्ये फ्रान्सने निर्धूम दारूची लेबेल रायफल स्वीकारली. काळ्या दारूच्या शिकारी रायफलीतून गोळी दर सेकंदास सु. ४०० ते ५०० मी. वेगाने निघे, नव्या रायफलीतून ती ६०० मी.च्या पुढे गेली. गोळीचा मार्ग सपाट झाला, दोनशे मी.वरील नेम अंदाजाचा राहिला नाही आणि बार झाल्यावर डोळ्यांपुढे धुराचा पडदाही उरला नाही. याच दशकात येना येथे एर्न्स्ट आबे व ओटो शोट यांनी नव्या प्रकारची प्रकाशीय काच तयार केली. व्हिएन्नात १८९८ मध्ये कालेस यांचा कारखाना निघाला आणि झाइस कारखान्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रायफलींचे दूरदर्शक विकण्यास प्रारंभ केला.

भारतात हे साधन कोणाच्या हाती पडले, हे पाहताना १८७८ चा शस्त्र अधिनियम विसरता येत नाही. या कायद्याने भारतीयांना शस्त्र बाळगण्यासाठी परवाना आवश्यक केला आणि नियमांद्वारे यूरोपीयांना त्यातून सूट दिली. १८९१ मध्ये मुंबईत आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची शाखा निघाली. अशा दुकानांचे गिऱ्हाईक लष्करी व मुलकी अधिकारी, मळेवाले व संस्थानिक हेच असत. खेड्यातील शेतकऱ्याकडे पिकाच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक असली तर असे. त्यामुळे दूरदर्शकाची पारख हा येथे बराच काळ मूठभरांचा विषय राहिला आणि त्या मूठभरांतही बहुतेकांनी तो घेतलाच नाही. याचे कारण केवळ हट्ट नव्हते. ते भूप्रदेशात होते.

मेळघाट, चांदा व भंडारा या भागांतील जंगलांत अथवा सह्याद्रीच्या उतारावरील रानात वाघ, बिबट्या वा गवा दिसतो तो वीस-तीस मी.वर, वेलीझुडपांतून आणि क्षणभर. माचाणावर बसून हाक्याची वाट पाहणाऱ्यास याहून अधिक अंतर क्वचितच मिळे. चौपट वर्धनाच्या दूरदर्शकात शंभर मी.वर सु. दहा मी. रुंदीचे क्षेत्र दिसते, वीस मी.वर ते दोन मी. उरते. वाघाची लांबी नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पावणेतीन मी.च्या आसपास असते. म्हणजे छेदतंतूंमागे पट्ट्यांची एक भिंत तेवढी दिसणार. खांदा कोणता व पोट कोणते हे कळेपर्यंत जनावर निघून जाणार. शिवाय मोठ्या जनावरांसाठी वापरली जाणारी दुनळी रायफल जड काडतुसाची असे. तिच्या धक्क्याने नेत्रिका भुवईवर आदळून जखम होई आणि नळ्यांच्या तोलावर जुळविलेली ती बंदूक दूरदर्शकाच्या वजनाने बोजड होई. जिम कॉर्बेट यांनी कुमाऊंमधील नरभक्षक वाघ साध्या माशीवर नेम धरून मारले, त्यामागेही हेच गणित होते.

दख्खनच्या पठारावर परिस्थिती नेमकी उलट होती. सोलापूर, अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) व पुणे जिल्ह्यांच्या पूर्व भागातील माळरानांवर काळवीट व चिंकारा माणसास दीडदोनशे मी.च्या आत येऊ देत नाहीत. माळढोक तर त्याहूनही सावध. आड धरावयास झुडूप नसते. संस्थानिकांनी यावर जुना उपाय चालू ठेवला होता, तो शिकवलेल्या चित्त्यांचा. कोल्हापूर दरबारी विसाव्या शतकातही चित्ते पाळलेले होते व देशी चित्ते दुर्मिळ झाल्यावर ते आफ्रिकेतून आणविले जात. सपाट मार्गाची गोळी व चौपट वर्धन हाती आलेल्या शिकाऱ्यास चित्त्याची गरज उरली नाही. मराठी मुलखात दूरदर्शक खऱ्या अर्थाने उपयोगी पडला तो या माळावर आणि त्याने सर्वाधिक हानीही येथेच केली. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी जीपगाड्या खाजगी हातांत आल्या. जीप, प्रखर दिवा व लांब पल्ल्याची रायफल यांच्यापुढे काळविटांचे कळप टिकले नाहीत.

दूरदर्शकामुळे शिकार सोपी होते, म्हणून तो मर्दुमकीस शोभत नाही, असे जुन्या पिढीतील अनेक शिकारी मानीत. दुसरा पक्ष म्हणे, की जनावर जखमी होऊन निसटू नये हा शिकाऱ्याचा पहिला धर्म आणि तो पाळण्यास स्पष्ट दिसणे हाच उपाय. या वादात प्रस्तुत लेखकास दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अधिक वजनदार वाटते. कॉर्बेट यांनी १९०७ मध्ये मारलेल्या चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचे उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे मोडलेले होते. ती जुन्या गोळीची जखम होती. नैसर्गिक भक्ष्य मारणे तिला अशक्य झाले होते. पण या पक्षाने एक गोष्ट नजरेआड केली. दोनशे मी.वर शिकारी थांबत नाही; दिसते आहे म्हणून तो तीनशेवर बार टाकतो आणि जखमी जनावरांची संख्या पुन्हा तेथेच येते.

शिकारी दूरदर्शकाची प्रत ठरविण्याच्या कसोट्या या अनुभवांतून बनल्या. पहिली कसोटी प्रकाशाची. दूरदर्शकावर ‘४×३२’ असे आकडे असतात. पहिला वर्धन दर्शवितो व दुसरा वस्तुभिंगाचा मिमी.मधील व्यास. दुसऱ्यास पहिल्याने भागले असता नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास मिळतो. ४×३२ मध्ये तो ८ मिमी., ६×४२ मध्ये ७ मिमी. व ९×४० मध्ये सु. ४·४ मिमी. असतो. तरुण माणसाची बाहुली अंधारात सु. ७ मिमी.पर्यंत उघडते, वृद्धाची ५ मिमी.च्या आसपास. तेव्हा ७ मिमी.हून मोठी शलाका वाया जाते आणि फार लहान असली, तर नेमक्या सांजवेळी, म्हणजे जनावरे बाहेर पडण्याच्या वेळी, प्रतिमा काळवंडते. भर दुपारी मात्र बाहुली दोन-तीन मिमी. इतकी आकसलेली असल्यामुळे सर्वच दूरदर्शक सारखे उजळ भासतात. दुकानाच्या दारात उन्हाकडे पाहून केलेली निवड म्हणूनच फसवी ठरते.

सांजवेळी केवळ शलाका मोठी असून भागत नाही. बारकावे दिसण्यासाठी वर्धनही लागते. यासाठी जर्मन तंत्रज्ञांनी वर्धन व व्यास यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घेण्याची रीत घातली. ४×३२ साठी हा संध्यांक सु. ११ व ८×५६ साठी सु. २१ येतो. परंतु हा आकडा काचेच्या प्रतीविषयी काहीच सांगत नाही. हलक्या व उत्कृष्ट अशा दोन दूरदर्शकांचा संध्यांक एकच असू शकतो; जाहिरातीत तो ठळक छापण्याचे कारणही तेच असावे.

काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठावर सु. चार टक्के प्रकाश परावर्तित होतो. अशी दहा पृष्ठे असलेल्या साधनात जवळजवळ एक तृतीयांश प्रकाश नष्ट होतो. इतकेच नव्हे, तर तो आत उलटसुलट फिरून प्रतिमेवर धुके पसरवितो. १९३५ मध्ये झाइस कारखान्यातील आलेक्झांडर स्माकुला यांनी भिंगांवर निर्वातात अतिशय पातळ लेप देण्याची पद्धत शोधली. या लेपामुळे परावर्तन मोठ्या प्रमाणात घटते. काच तिरपी धरली असता दिसणारी जांभळी किंवा हिरवट झाक ही या लेपाची खूण होय. सर्व पृष्ठांवर अनेकपदरी लेप आहे, की केवळ बाहेरच्या दोन भिंगांवर एकपदरी, यावर किंमत व प्रत या दोहोंत मोठा फरक पडतो.

दुसरी कसोटी स्थैर्याची. खूण वर-खाली व डावी-उजवीकडे सरकविण्यासाठी दूरदर्शकावर दोन चकत्या असतात. त्या ठरावीक टप्प्यांनी फिरतात. एक टप्पा बहुधा पाव कलेचा, म्हणजे शंभर मी.वर सु. ०·७ सेंमी.चा असतो. चकती वीस टप्पे वर, वीस उजवीकडे, वीस खाली व वीस डावीकडे फिरवून प्रत्येक वेळी बार काढले असता गोळ्यांच्या खुणांचा चौकोन व्हावा आणि शेवटची गोळी पहिलीच्या जागी लागावी. ही परीक्षा ज्या दूरदर्शकास उतरत नाही, त्याची काच कितीही स्वच्छ असली, तरी तो शिकारीस निरुपयोगी समजावा. रायफलीवर दूरदर्शक धरून ठेवणारी कडी व पाया यांकडे खरेदीदाराचे लक्ष सर्वांत कमी जाते. प्रत्यक्षात चुकलेल्या नेमाचे मूळ पुष्कळदा ढिल्या मळसूत्रात असते. जुन्या लष्करी घडणीच्या रायफलींवर आणखी अडचण येते. काही रायफलींत काडतुसे वरून भरावी लागतात, तर काहींत खिटीची मूठ वर उचलल्यावर नळीस अडते. मग दूरदर्शक बाजूस किंवा फार उंच बसवावा लागतो व गाल दस्त्यावर टेकेनासा होतो.

डोळा किंचित हलविला असता छेदतंतू लक्ष्यावरून सरकल्याचा भास होणे यास पराशय म्हणतात. खूण प्रतिमेच्या नेमक्या प्रतलात नसली म्हणजे तो उद्भवतो. शिकारी दूरदर्शक बहुधा शंभर मी. किंवा शंभर यार्ड अंतरासाठी पराशयमुक्त केलेले असतात. अल्प वर्धनास तेवढे पुरते. डोळा व नेत्रिका यांतील अंतर निदान आठ सेंमी. असावे, जड काडतुसाच्या रायफलीस त्याहून अधिक. छेदतंतूंच्या जाडीविषयी यूरोप व अमेरिकेत मतभेद राहिला. मध्य यूरोपीय शिकाऱ्यास अंधुक उजेडात दिसणारे तीन जाड खांब व मध्ये बारीक रेषा अशी आकृती हवी असे. उघड्या मैदानावरील अमेरिकन शिकारी बारीक तंतू पसंत करी. कोळ्याच्या धाग्याची जागा प्रथम धातूच्या तारेने आणि पुढे काचेवर कोरलेल्या रेषांनी घेतली.

कोकण व मुंबईच्या हवेत तिसरी कसोटी आपोआप पुढे येते, ती ओलाव्याची. पावसाळ्यात भिंगांच्या आतल्या बाजूस धुके साचते आणि साधन कपाटात पडून राहिले, तर काचेवर बुरशीचे जाळे पसरते. बुरशी लेप खाते व मग घासून काही उपयोग होत नाही. अमेरिकेतील लूपोल्ड यांनी १९४७ मध्ये नळीतील हवा काढून कोरडा नायट्रोजन भरलेला दूरदर्शक बाजारात आणला. ओरेगनच्या पावसाने शिकविलेली ही युक्ती कोकणाच्याही उपयोगाची होती. त्यापूर्वी १९३० मध्ये विल्यम वीव्हर याने पोलादी नळीचा स्वस्त दूरदर्शक काढून हे साधन सामान्य अमेरिकन शिकाऱ्याच्या आवाक्यात आणले होते. भारतात आयात निर्बंधांमुळे तशी स्वस्ताई आली नाही. डेहराडून येथे १९४३ मध्ये प्रकाशीय उपकरणांचा आयुध कारखाना उभा राहिला, पण त्याचे काम सैन्यासाठी होते. परवानाधारक नागरिकास मिळणारी ·३१५ ची देशी रायफल साध्या माशीवरच चालली.

चांगल्या भिंगाची पारख महाराष्ट्रात टिकली ती वेगळ्या वाटेने आणि त्या वाटेचा आरंभ मुंबईत झाला. १५ सप्टेंबर १८८३ रोजी बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. पैकी आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाचे संस्थापक. संस्थेच्या सभासदांत शिकाऱ्यांचा भरणा मोठा होता आणि तिच्या नियतकालिकाच्या आरंभीच्या खंडांत निसर्गनिरीक्षण व शिकारीच्या नोंदी शेजारीशेजारी आढळतात. ठाकूरद्वार, प्रार्थना समाज व खेतवाडी हा गिरगावचा सलग टापू. त्यातील खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी सलीम अली (१८९६–१९८७) वाढले. मामा स्वतः शिकारी व सोसायटीचे सभासद होते. सु. दहा वर्षांच्या भाच्याने खेळण्यातील म्हणावी अशा हवाबंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. मामांनी त्याला सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस्. मिलर्ड यांच्याकडे पाठविले. ती पिवळ्या कंठाची रानचिमणी असल्याचे त्यांनी सांगितले व पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखविले.

सलीम अली यांनी शास्त्रीय नमुन्यांसाठी बंदूक पुढेही वापरली; पण त्यांच्या १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथाने जी पिढी घडविली, तिच्या गळ्यात द्विनेत्री दुर्बीण होती. ती घेताना करावयाचा विचार रायफलीच्या दूरदर्शकाचाच असतो. ८×३० मध्ये शलाकेचा व्यास पावणेचार मिमी. येतो आणि ती दिवसा पुरते. ७×५० मध्ये तो सात मिमी.च्या वर जातो व पहाटेच्या पाणवठ्यावर तीच कामी येते. लेप, कडेची स्पष्टता, बुरशी, नायट्रोजन हे सर्व तेच. फक्त छेदतंतू नाहीत.

कायद्याने शिकारीचे क्षेत्र टप्प्याटप्प्याने आखडत गेले. ताडोबाच्या जंगलात १९३५ मध्येच शिकारबंदी झाली व १९५५ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान बनले. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशुपक्षी संरक्षणाचा कायदा केला. कोल्हापूर दरबारचे दाजीपूर येथील राखीव शिकाररान १९५८ मध्ये अभयारण्य झाले. १९७२ च्या केंद्रीय वन्य जीव (संरक्षण) अधिनियमाने अनेक प्राण्यांना पूर्ण संरक्षण दिले. मूळ कायद्यात काही जातींच्या शिकारीस परवाने ठेवले होते, मात्र वाहनातून शिकार करण्यास मनाई होती आणि रात्री किंवा कृत्रिम प्रकाशात ती करण्यास खास परवान्यावाचून बंदी होती. जीप व दिव्याने माळरानावर जे केले, त्याची ही उशिरा घेतलेली दखल होय. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांची पद्धतही रद्द झाली. माळढोकांसाठी सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत १९७९ मध्ये आणि काळविटांसाठी कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे १९८० मध्ये अभयारण्ये झाली. रेहेकुरीस काळवीट वाढले. नान्नजच्या माळावर माळढोक दिसणे ही आता विरळा घटना आहे.

माणसास धोकादायक ठरलेल्या जनावरास बेशुद्ध करण्याची, पकडण्याची अथवा मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतो, एवढाच अपवाद उरला. बेशुद्धीच्या औषधाची सुई गोळीच्या मानाने फारच मंद जाते व चटकन खाली झुकते. ती मांसल भागावर, वीस ते चाळीस मी.वरून मारावी लागते. तेव्हा अशा बंदुकीस अल्प वर्धनाचा, विस्तीर्ण क्षेत्राचा व अंतराच्या खुणा असलेला दूरदर्शक लागतो. माचाणावरील शिकाऱ्याचा जुना प्रश्न वनखात्यापुढे या रूपाने परत आला. तेरा माणसांच्या मृत्यूस जबाबदार धरलेली ‘टी-१’ अथवा ‘अवनी’ ही वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी रात्री यवतमाळ जिल्ह्यात गोळीने मारली गेली. तिला बेशुद्ध करण्याचा खरा प्रयत्न झाला होता काय, यावर मोठा वाद झाला. रात्रीच्या अपुऱ्या उजेडात, चालत्या जनावरावर, नेमकी जागा किती स्पष्ट दिसते, हा त्या वादातील एक मुद्दा काचेच्या प्रतीचाच आहे. त्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

क्रीडाक्षेत्रात दूरदर्शकाने उलटा प्रवास केला आहे. ऑलिंपिकमधील रायफल प्रकारांत रायफलीवर दूरदर्शक लावण्यास मनाई असून मागे बारीक छिद्राची चकती व पुढे कडे असलेली माशी वापरतात. वर्तुळात वर्तुळ बसविणे डोळ्यास सहज जमते आणि बारीक छिद्रामुळे जवळचे व दूरचे दोन्ही पुरेसे स्पष्ट दिसतात. खाचेची जुनी अडचण येथे काचेवाचून सुटली आहे. आपली गोळी कोठे लागली हे पाहण्यासाठी नेमबाज पूर्वी शेजारी तिकाटण्यावर वेगळा दूरदर्शक ठेवीत. इलेक्ट्रॉनिक लक्ष्यफलक आल्यावर त्याचीही गरज घटली. वरळी येथील महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या मैदानावर घडलेल्या अंजली भागवत, २०१० मध्ये म्यूनिक येथे ५० मी. प्रोन प्रकारात जगज्जेती ठरलेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत, तसेच १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मी. रायफल तीन स्थिती प्रकारात कांस्यपदक मिळविणारा स्वप्नील कुसाळे यांनी अशाच बिनभिंगाच्या चकतीतून नेम धरला. कुसाळे याचे कांबळवाडी हे गाव राधानगरी तालुक्यात आहे. दाजीपूरचे जुने शिकाररानही त्याच तालुक्यात येते.